बोटांनी ओळखलेलं लुगडं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका ताण्याची पाजणी. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता, थंडी कोरडी पडली होती आणि गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन गेला होता. आमच्या बोळात सात-आठ घरांचे ताणे उघड्यावर आले होते. मागावर चढवायच्या आधी उभ्या सुताला ज्वारीच्या पिठाची खळ पाजावी लागते, नाहीतर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या येण्याजाण्यानं ते पिंजतं आणि तुटतं. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणायचं, एका बाजूला बाईनं उभं राहायचं, एका बाजूला गड्यानं, आणि मध्ये कुंचा धरून दोघांनी एका चालीनं चालत जायचं. एकजण पुढं गेला की सूत गुंततं. पस्तीस वर्षं आम्ही असे चाललो. एरवी रस्त्यानं जाताना ती माझ्या चार पावलं मागं असायची. पाजणीला तेवढी बरोबरीनं.

"खळ पातळ झालीया," ती म्हणाली.

"तुला लई कळतंय."

"मला न्हाई कळत. सुताला कळतंय. बगा की, कसं केस सुटल्यावानी दिसतंय."

समोरच्या दारात मल्लय्या दात घासत उभा होता. मल्लय्या तेलंगी विणकर, वीस वर्षांपासूनचा आमचा शेजारी. थुंकून म्हणाला, "दादा, वैनीचं ऐक. मागावर तू बसणार, तुटलं की शिव्या बी तूच देणार, आन् ऐकायच्या आमी."

मी ऐकलं नाही. ती आत गेली, मूठभर पीठ कालवून घेऊन आली आणि मी पाठ फिरवल्यावर पातेल्यात ओतलं. ते मला दिसलं. दिसलं नाही असं मी दाखवलं. दुसऱ्या फेरीला सूत कसं गुळगुळीत झालं, तेही मला दिसलं. मी म्हणालो, "बघ, उन्हानं खळ धरली." तिनं पदरानं नाक पुसून कुंच्याचं तिचं टोक उचललं.

ताणा वाळला. आम्ही गुंडाळून आत ठेवला. तिनं भाकरी केली, मला वाढली. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी छातीत कळ आली म्हणाली, भिंतीला टेकून बसली आणि तशीच गेली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो.

आता पुन्हा तेच दिवस आले आहेत. सकाळी दार उघडलं की बोळात खळीचा आंबूस वास असतो. ओल्या सुतावरून कुंचा जातो त्याचा एक आवाज आहे, म्हशीनं वैरण ओढावी तसा. पोरी सुताच्या खालून वाकून पलीकडं पळतात, बाया ओरडतात. ऊन तेच, वास तोच. मी ओट्यावर बसून बघतो. माझं वय झालं, आता माग चालत नाही. तीन यत्ता शिकलो होतो, त्या आता कामाला आल्या म्हणून हे लिहितो आहे. लिहायचं ते तिच्याबद्दल म्हणून बसलो, पण तिच्याबद्दल लिहायला गेलो की माझंच तोंड पुढं येतं, आणि ते बघण्यासारखं नाही.

आमच्या धंद्यात माणसाला हात म्हणतात. तो हात बरा आहे, तो हात ढिला आहे. तोंड कुणी बघत नाही. विणताना प्रत्येक धाग्यामागं फणी ठोकावी लागते आणि ती ठोक ज्याची त्याची वेगळी पडते. कुणाची जड, कुणाची हलकी, कुणाची भांडण झालं की जड आणि जेवण झालं की हलकी. जाणता माणूस कापडावर बोट फिरवून सांगतो, हे अमक्याचं. माझा बाप सांगायचा. मीही सांगतो असं मी म्हणायचो. तिशी ओलांडली तेव्हापासून बोळात मला "कसबी" म्हणत. "कसबी नागप्पाचं लुगडं." ते ऐकून ऐकून मी तेच झालो. आरशात कधी धड बघितलं नसेल, पण कुणी विचारलं असतं की बाबा तू कोण, तर मी माझ्या लुगड्याकडं बोट दाखवलं असतं. माणूस असं एखादं टोक पकडतो आणि म्हणतो, हा मी. ते टोक खरंच आपलं आहे का, हे बघायला जात नाही.

बोलायचं ते साल वेगळं. तिच्या मरणाच्या आठ वर्षं आधीचं. हेच दिवस, हीच थंडी. मला हिवताप झाला. एका ताण्यातून चार लुगडी निघायची होती, हिरव्या पोताची, तांबड्या काठाची, संक्रांतीच्या आत पेठेतल्या शेठकडं पोचवायची. दोन माझी विणून झाली होती आणि मी आडवा झालो. तीन आठवडे. आतल्या खोलीत चार वाकळा अंगावर घेऊन कुडकुडत होतो आणि बाहेर माग वाजत होता. खट्‌, खट्‌. मी विचारलं, "कोण बसलंय?"

"मल्लय्या भावजी," ती म्हणाली. "तुमी पडून ऱ्हावा."

आमच्या घरात बाईनं मागावर बसायचं नाही, असा दंडक होता. बाईनं चाकावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, तुटलेली टोकं सांधायची, पाजणीला उभं राहायचं, पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडायचा नाही. माझी आई म्हणायची, बाई खड्ड्यात उतरली की घराची बरकत उतरते. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भागव्वा, म्हणजे माझी बायको, तिच्या बापाच्या घरी असला दंडक नव्हता. ते मला ठाऊक होतं आणि मी विसरलो होतो. आपल्या सोयीचं नसलेलं मी फार लवकर विसरतो.

तापात मला तो आवाज गोड लागायचा. एकसारखा, घाई नाही, ओढ नाही. मनात यायचं, मल्लय्याचा हात सुधारला. मग झोप लागायची. आजही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली झोप कोणती म्हणाल, तर ती.

बरा झालो. अंगात दम नव्हता, म्हणून लुगड्यांचं गाठोडं तिनं डोक्यावर घेतलं आणि मी पुढं चाललो. शेठचं दुकान तीन पायऱ्यांचं. मी वर जाऊन गादीच्या कडेला बसलो, ती खालच्या पायरीशी उभी राहिली. शेठनं चारी लुगडी उलगडली, बोट फिरवलं, दोन एकीकडं केली, दोन एकीकडं. "नागप्पा," म्हणाले, "ताणा एक आहे पण हात दोन आहेत."

"आजारी होतो," मी म्हणालो. "शेजाऱ्याला बसवला होता."

"मग यातली तुझी कोणती?"

दुकानात आणखी चार विणकर बसले होते. मला चेव आला. मी म्हणालो, "बघून काय, डोळे मिटून सांगतो." आणि खरंच डोळे मिटले. एकावर बोट फिरवलं, दुसऱ्यावर फिरवलं. एक कापड बोटाखाली असं लागलं, निवलेल्या दुधावरच्या सायीसारखं, कुठं खळगा नाही, कुठं गाठ नाही. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. वाटलं, हा मी. तापातून उठून मी मला भेटलो. ते लुगडं मी छातीशी धरलं आणि डोळे उघडले.

"ही माझी ठोक. आंधळा झालो तरी ओळखीन." आणि दुसरं उचलून जमलेल्यांना दाखवलं. "आणि ह्ये मल्लय्याचं. बघा काठ कसा आत ओढून खाल्लाय. गडी बसलाय की बाई बसलीया, असं वाटतंय."

सगळे हसले. मीही हसलो. भागव्वा खाली पायरीशी पदर सारखा करत होती. शेठनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि लुगड्यांच्या घड्या घातल्या.

येताना मी फुगलो होतो. बोळात शिरलो तर मल्लय्या दारात सूत उकलत बसलेला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काय रे, माझ्या मागावर बसून माझंच नाव घालवतोस व्हय?"

मल्लय्या माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "मी? मी कवा बसलो तुज्या मागावर? माजाच ताणा मला उरकंना, दादा." मग त्यानं भागव्वाकडं बघितलं आणि त्याला काहीतरी समजलं. मान खाली घालून तो परत सूत उकलायला लागला. "बसलो आसंन," म्हणाला, "ध्यानात न्हाई."

त्याच्या दारापासून माझं दार वीस पावलं. त्या वीस पावलांत मी हिशेब असा मांडला. मल्लय्या बसला नाही म्हणजे हीच बसली. म्हणजे ते खाल्लेल्या काठाचं लुगडं हिचं. घरात पाऊल टाकलं आणि गरजलो, "तू बसलीस? घराण्यात कुणी केलं न्हाई ते केलंस, आणि वर असलं इणलंस? चार माणसांत मला खाली बघायला लावलंस."

ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. म्हणाली, "त्ये न्हाई माजं."

"मग?"

"तुमी छातीशी धरलं ते."

मी तिला खोटारडी म्हणालो. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी निजल्यावर जुनं आडवं सूत सरलं. नवं आणलं त्याचा हिरवा जरा दाट निगाला."

आणि मला आठवलं. छातीशी धरलेलं लुगडं दाट हिरवं होतं. डोळे उघडल्यावर मी ते बघितलं होतं. रंग बघितला होता, आणि मनानं तो बाजूला सारला होता. दुसरं, फिकं, काठ खाल्लेलं, ज्याच्यावर मी चार माणसांत थुंकलो, ते माझं होतं. तापाच्या आधीचं, धडधाकट हातांनी विणलेलं, रोजच्यासारखं.

त्या वेळी मी हसलो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. मल्लय्याला हाक मारून म्हणालो असतो, अरे, माझी बायको माझ्यापेक्षा चांगली विणते आणि मी गाढव आहे, तर बोळ दोन दिवस हसला असता आणि तिसऱ्या दिवशी विसरला असता. मी काय केलं? मी म्हणालो, "पुन्यांदा खड्ड्यात पाय घालायचा न्हाई. आन् ह्ये कुणाम्होरं बोलायचं न्हाई."

ती म्हणाली, "बरं."

तांब्या माझ्या पायाशी ठेवला आणि चुलीकडं गेली. आठ वर्षं तिनं पाय घातला नाही आणि आठ वर्षं ती बोलली नाही. माझा शब्द एवढा नीट कुणी पाळला नव्हता.

त्या दिवसापासून माझं विणणं मात्र बिघडलं. जिना उतरताना पाय कुठं पडतोय हे बघत राहिलं की माणूस पडतो, तसं. आधी मी विणत होतो. आता मी विणणाऱ्याकडं बघत होतो. फणीचा हात्या ओढला की मनात यायचं, ही जड पडली. पुढची हलकी मारायचो, ती फारच हलकी पडायची. बोटांत तिचं कापड बसलं होतं आणि मी त्याची नक्कल करायला बघत होतो. पेठेत लोक म्हणायला लागले, आजारातून उठल्यावर नागप्पाचा हात निवळला. ते ऐकून मला बरं वाटायचं, हे सांगताना लाज वाटते, पण वाटायचं. शेठ दर सालाला माझी लुगडी घेत गेले, त्यावरून मी धरून चाललो की नक्कल साधली. म्हणजे आधी तिचं कापड माझं म्हणून सांगितलं, मग तिचा हातही माझा म्हणून लावून घेतला. मागावर बसलेला कोण, हे मला नक्की सांगता आलं नसतं. मी नव्हतो. ती तर नव्हतीच.

ती कांड्या भरत बाजूला बसलेली असायची. कधी कधी माझी ठोक चुकली की तिच्या हातातलं चाक क्षणभर थांबायचं. त्या थांबण्याची मला एवढी धास्ती बसली की मी तिला म्हणालो, आत बसून भर. ती आत बसली. मग मला चाकाचा आवाज ऐकू येईना, आणि आपण कधी चुकलो तेही कळेना.

दर साली पाजणीला मनात यायचं, आज बोलावं. कारण तेव्हाच आम्ही समोरासमोर असायचो, मध्ये सूत पसरलेलं, दोघांच्या हातात एकच कुंचा. तिच्या तोंडाकडं बघायला मला दुसरी वेळ नसायची. मी ठरवायचो, त्या टोकाला पोचलो की म्हणायचं, चुकलो. टोक यायचं आणि मी म्हणायचो, "वळ." वळून या टोकाला येईतो पुन्हा ठरवायचो. आठ सालं, आणि एका सालात किती ताणे, किती फेऱ्या. एवढ्या वेळा टोकं आली. शेवटच्या सकाळी तर मी ठरवलंही नव्हतं. त्या दिवशी माझं सगळं लक्ष खळ पातळ नाही हे ठसवण्यात होतं.

लोक म्हणतात, बाई साधी होती, मनात काही ठेवत नसे. मला तसं वाटत नाही. ती स्वतःला ओळखून होती. तिचा हात कसा आहे हे तिला त्या तीन आठवड्यांत कळलं होतं आणि तेवढं तिला पुरलं. कुणी कसबी म्हणावं याची तिला गरज पडली नाही. मला पडली, कारण माझ्याकडं आत काही नव्हतं. मी बाहेरून आलेल्या हाकेला ओ देणारा माणूस. ज्याला आपला हात ओळखता येत नाही, त्यानं मी, मी म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराबाहेर पडलो. सुतकात असं जायचं नसतं. मल्लय्या दारातून म्हणाला, "दादा, कुटं निगालास? लेक येईल अक्कलकोटाहून, घरी कुणी नगं व्हय?" मी म्हणालो, येतो, आणि पेठेचा रस्ता धरला. शेठ नुकतेच दुकान उघडून उदबत्ती लावत होते. मी वर गेलो नाही. सुतक होतं, म्हणून खालच्या पायरीशी उभा राहिलो.

शेठ म्हणाले, "ऐकलं कालच. फार वाईट झालं."

मी म्हणालो, "एक सांगायला आलोय. आठ सालांमागं, आजारातून उठलो तवा, डोळं मिटून जे लुगडं माजं म्हणलो, ते माजं नव्हतं. तिचं होतं. जे मल्लय्याचं म्हणलो ते माजं."

शेठनं उदबत्ती खोचली. "ठाऊक आहे मला."

"कवापासून?"

"त्याच दिवशी संशय आला. पुढच्या खेपेला तू लुगडी आणलीस, तेव्हा खात्री झाली. तुझा हात मी वीस वर्षं बघतोय, नागप्पा."

"मग बोलला का न्हाई?"

"त्याच दिवशी बोलणार होतो. ती इथंच खाली उभी होती, तू उभा आहेस तिथं. तिनं मान हलवली. नको म्हणाली."

मग, काय सांगू, त्या वेळीही मी विचारलं, "पर त्यानंतर माझा हात तिच्यासारखा पडायला लागला, व्हय ना? लोक म्हणत्यात."

शेठनं माझ्याकडं बघितलं. त्यांना माझी दया आली असावी, पण ते धंद्याचे माणूस, कापडाबद्दल खोटं बोलत नाहीत. "नाही," म्हणाले. "तसं लुगडं तुझ्या घरातून पुन्हा आलं नाही. तुझी आपली बरी असायची. चालून जायची."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक जोडप्यानं आलं. बाईनं मला पायरीशी उभा बघितलं, माझी दाढी, कपडे, आणि विचारलं, "हे कोण हो?"

शेठ गादी झटकत म्हणाले, "हे? एक विणकर आहे."

त्यात काही खोटं नव्हतं. पण तिची राख अजून निवली नव्हती आणि मला राग आला तो या 'एक' शब्दाचा. कसबी म्हणाले नाहीत, नाव घेतलं नाही, एक म्हणाले. तोंडाशी शब्द आला होता. मी दात दाबून धरले. ती बाई आत जाऊन लुगडी बघायला बसली, शेठ एकामागून एक उलगडत राहिले. माझा राग उतरेपर्यंत मी त्या पायरीशी उभा राहिलो. बराच वेळ लागला. मग घरी गेलो.